ई९ आणि सी६ एकाच नेकवर: सिंगल-नेक पेडल स्टीलच्या ट्यूनिंगची निवड

परिस्थिती

टेक्सासमधल्या एखाद्या डान्स हॉलमध्ये वाजवणारा बँड डोळ्यांसमोर आणा. गायक, फिडल, इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम आणि पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, जिचे सूर पायाच्या पेडलांनी आणि गुडघ्याच्या लिव्हरांनी बदलतात. यादीत ४० गाणी. त्यातली २६ कंट्रीतली हाँकी-टाँक शफल आणि संथ बॅलड, उरलेली १४ वेस्टर्न स्विंग आणि जुनी जॅझ स्टँडर्ड. स्टीलवादक पन्नाशी ओलांडलेला. त्याच्याकडे डबल-नेक, म्हणजे तारांच्या दोन पट्ट्यांची गिटार आहे: एक नेक ई९ ट्यूनिंगचा, दुसरा सी६ चा (तारा ज्या कॉर्डच्या सुरांत लावतात त्याची ही नावे), दोन्ही नेकवर दहा-दहा तारा, आठ पेडल, पाच नी लिव्हर. पेटीत घातली की वजन ३० किलोच्या घरात जाते. पाठ दुखायला लागली आणि आता त्याला एकच नेक हवा आहे. गाण्यांची यादी मात्र एकाही गाण्याने कमी करायची नाही.

हा वादक कुणी एक माणूस नाही. हा प्रश्न वरचेवर पडतो, म्हणून तो एका ठरावीक यादीवर आणि ठरावीक वाद्यावर बसवून सोडवला आहे. गाण्यांचे आकडे उदाहरणापुरते धरावेत. तारा, सूर आणि यंत्रणेचे तपशील मात्र खरे आहेत. पुढे # ही खूण शार्पसाठी वापरली आहे.

मुळात दोन नेक लागले का?

१९५४ मध्ये स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडलने सूर वर चढवण्याची करामत रेकॉर्डवर आणली आणि हा आवाज कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलला हवाहवासा झाला. पुढे स्टीलवादक बडी एमन्स यांनी एका पेडलवरचे काम दोन पेडलांत वाटले, १९६२ मध्ये वर एफ# आणि डी# अशा दोन तारा घातल्या, आणि आजचे दहा तारांचे ई९ तयार झाले. लांबच्या तारेपासून जवळच्या तारेपर्यंत: एफ#, डी#, जी#, ई, बी, जी#, एफ#, ई, डी, बी. सगळे सूर एकमेकांना खेटून. म्हणूनच रडका, वळणारा कंट्री आवाज इथे सहज निघतो.

सी६ हा त्याहून जुना, हवाईयन आणि स्विंग वादकांचा वारसा: जी, ई, सी, ए, जी, ई, सी, ए, एफ, सी. खाली दूरवर जाणारे, जाड कॉर्ड देणारे. टेक्सासच्या स्विंग बँडांत पेडल येण्याआधीच दोन-तीन नेकची स्टील वाजत होती, कारण एका ट्यूनिंगमध्ये सगळे मावत नव्हते. डबल-नेक पेडल स्टील ही त्याच सवयीची पुढची पायरी.

आपल्याकडे ज्यांनी हवाईयन गिटार ऐकली आहे, मग ती मुंबईच्या स्टुडिओंतली व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांची असो वा ब्रिजभूषण काब्रा यांचे रागवादन, त्यांना इथे एक फरक लक्षात ठेवावा लागेल. तिथे ट्यूनिंग निवडतात ते मुख्य तारेवरच्या मींडेसाठी. पेडल स्टीलमध्ये ते निवडतात एकाच फ्रेटवर बार ठेवून किती कॉर्ड बदलता येतात यासाठी. निकषच वेगळे.

पर्याय

बाजारात चार-पाच वाटा दिसतात. दहा तारांचे नुसते ई९ घ्या, तीन पेडल आणि पाच लिव्हर: सर्वांत हलके, तारा स्वस्त, शिकायला साहित्य भरपूर. नुसते सी६ घ्या: या वादकाच्या २६ गाण्यांसाठी ते कुचकामी, म्हणून लगेच बाद. बारा तारांचे विस्तारित ई९: वरच्या दहा तारा तशाच, खाली जी# आणि ई जोडलेल्या. बारा तारांचे युनिव्हर्सल, म्हणजे ई९ आणि बी६ (अर्धा सूर खाली उतरवलेले सी६) एकत्र. आणि बी फ्लॅट ६ वर उभारलेले युनिव्हर्सल, जे डॅलसच्या मॉरिस अँडरसन यांनी वाजवले आणि रुजवले. त्यात सगळे अर्ध्या सुराने खाली असल्याने वरच्या तारेवरचा ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, ही मोठी सोय. पण ई९ मध्ये मुरलेल्या माणसाला प्रत्येक फ्रेट पुन्हा मोजावा लागतो. स्विंगपासून सुरुवात करणाऱ्याला ते जमेल. आपल्या वादकाच्या दोन-तृतीयांश गाण्यांना नाही.

युनिव्हर्सलचे गणित एकदा नीट पाहावे, कारण निवडीचा सगळा भार त्यावर आहे. ई९ मधल्या दोन्ही ई एका लिव्हरने अर्धा सूर खाली, डी# वर आणा. आता तारांत उरतात बी, डी#, एफ#, जी#. हेच बी६. म्हणजे सी६ अर्धा सूर खाली. सी६ च्या दहाही तारांना बारा तारांत जागा मिळते: १, २, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२. तिसरी आणि चौथी जास्तीच्या. सी६ नेकवर जे सातव्या फ्रेटवर वाजत होते ते आता आठव्यावर.

आणखी महत्त्वाचे म्हणजे हे दोन वेगळे कप्पे राहत नाहीत. जी मेजर घ्या. काही न दाबता तिसऱ्या फ्रेटवर, ए पेडल (बी तारा सी# वर चढवणारे) आणि ई चढवणारा लिव्हर मिळून सहाव्यावर, ए आणि बी पेडल (जी# तारा ए वर चढवणारे) मिळून दहाव्यावर: एवढे ई९ वाजवणारा प्रत्येक जण जाणतो. ई उतरवला की तोच जी आठव्यावर सापडतो, सहा आणि दहाच्या बरोबर मधोमध. डबल-नेकवर तिथे जायला हात दुसऱ्या नेकवर उचलावा लागायचा.

विकत घेण्याआधीची चाचणी

इथे बहुतेक जण चुकतात. संगीतप्रकाराच्या नावावरून ट्यूनिंग निवडतात: कंट्री म्हणजे ई९, स्विंग म्हणजे सी६, दोन्ही हवे म्हणजे युनिव्हर्सल. खरे तर विचारायचे ते इतकेच की आपल्या गाण्यांत कोणत्या तारा खरोखर वाजतात. वादकाकडे डबल-नेक आहे तोवर याचे उत्तर फुकट मिळते.

पहिली चाचणी ई९ नेकवर. ई उतरवणारा लिव्हर धरून ठेवायचा आणि स्विंगची १४ गाणी सी६ पेक्षा एक फ्रेट वर वाजवायची. ई९ च्या दहा तारांत बी६ चा वरचा भाग आधीच दडलेला आहे: १, २, ५, ६, ७, ८ आणि १०. नववी डी तार तेवढी वगळायची, ती बी६ मध्ये खड्यासारखी लागते. जिथे खालची तार कमी पडली तिथे गाण्याच्या कागदावर खूण.

दुसरी चाचणी सी६ नेकवर. ८, ९ आणि १० या तारा प्रत्येक गाण्यात कशासाठी वाजतात ते लिहायचे: कॉर्डचा आधार म्हणून, की फक्त हात तिथे जातो म्हणून. सी६ ची दहावी तार सुमारे ६५ हर्ट्झवर बोलते. तो बासचा मुलूख आहे, आणि बँडमध्ये बासवाला हजर असताना तिथे रेंगाळले की दोघांचाही आवाज गढूळ होतो. ही चाचणी बँडसोबतच करावी. घरी एकट्याने वाजवताना खालची प्रत्येक तार अत्यावश्यक वाटते.

तिसरी पुन्हा ई९ वर. नवव्या तारेखाली, चेंजरजवळ (तारांचे टोक ओढून किंवा सैल करून सूर बदलणारी यंत्रणा) कापडाची पट्टी सरकवून डी बंद करायची आणि २६ गाणी वाजवायची. युनिव्हर्सलमध्ये ही डी तार नसते. तिच्या जागी बी येते आणि डी लिव्हरने काढावा लागतो. कुठे अडते ते आधीच कळलेले बरे.

आपल्या प्रकरणात हिशोब असा निघतो: १४ पैकी ९ गाण्यांत खालच्या तारा कॉर्डचा कणा आहेत. विशेषतः सी६ चे पाचवे आणि सहावे पेडल वापरणारे दोन-पाच-एक (दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरचे कॉर्ड ओळीने) आणि चौथ्या सुरावरचे सातवे कॉर्ड त्यांच्याशिवाय पोकळ वाटतात. उरलेल्या ५ गाण्यांत त्या नसल्या तरी चालते. डी मुख्यतः सातव्या कॉर्डच्या उतरत्या फिरकीत लागतो, आणि २ गाण्यांत डी आणि त्याखालचा बी एकदम वाजतात.

नऊच्या जागी दोन-तीन निघाली असती, तर दहा तारांचे ई९ घेऊन मोकळे व्हावे असा आमचा स्पष्ट सल्ला असता. दोन-तीन गाण्यांसाठी बारा तारांची देखभाल, दुप्पट पेडल आणि नव्याने शिकण्याचा काळ हा तोट्याचा व्यवहार आहे. विस्तारित ई९ इथे मागे पडते, कारण डी तार मधेच असल्याने बी६ सलग होत नाही आणि सर्वांत खालचा बी मिळत नाही. नऊ गाणी असल्याने युनिव्हर्सल ठरले.

मांडणी

सात पेडल, पाच लिव्हर. तारा १ ते १२: एफ#, डी#, जी#, ई, बी, जी#, एफ#, ई, बी, जी#, ई, बी.

पेडल १ (ए): ५ वी आणि ९ वी बी ते सी#.
पेडल २ (बी): ३ री, ६ वी आणि १० वी जी# ते ए.
पेडल ३ (सी): ४ थी ई ते एफ#, ५ वी बी ते सी#.
पेडल ४ (सी६ चे पाचवे): ७ वी एफ# ते एफ, ११ वी ई ते एफ, १२ वी बी ते सी#.
पेडल ५ (सी६ चे सहावे): २ री डी# ते ई, ८ वी थेट डी पर्यंत खाली.
पेडल ६ (सी६ चे सातवे): ५ वी बी ते सी#, ६ वी जी# ते ए#.
पेडल ७ (सी६ चे आठवे): ९ वी बी ते सी, ११ वी ई ते डी#, १२ वी बी ते जी#.
डावा गुडघा डावीकडे: ४ थी आणि ८ वी ई ते एफ.
डावा गुडघा वर: ५ वी बी ते ए#.
डावा गुडघा उजवीकडे: २ री डी# ते डी, पुढे दाबल्यावर सी#, ९ वी बी ते डी.
उजवा गुडघा डावीकडे: ४ थी आणि ८ वी ई ते डी#.
उजवा गुडघा उजवीकडे: १ ली आणि ७ वी एफ# ते जी.

सी६ चे चौथे पेडल, म्हणजे दोन्ही ए ते बी, गाळले आहे. त्यातला वरचा बदल पेडल ६ मध्ये येतोच. शिवाय ई९ चे बी पेडल बी६ मध्ये सी६ वरच्या ए ते बी फ्लॅट या लिव्हरचे काम करते आणि ए पेडल सी ते डी चे. डावा-वर लिव्हर ई९ मध्ये मायनर आणि सस्पेंडेड रंग देतो. बी६ मध्ये तोच सी ते बी, म्हणजे मेजर सेव्हनचा लिव्हर होतो. युनिव्हर्सलची खरी कमाई अशा दुहेरी कामांत आहे.

ई उतरवणारा लिव्हर उजव्या गुडघ्यावर का, हे कारागिराला ऑर्डर देताना आवर्जून सांगावे लागते. डबल-नेक ई९ वर तो अनेकदा डाव्या गुडघ्यावर असतो आणि तिथे त्रास होत नाही, कारण डावा पाय पहिल्या तीन पेडलांपाशीच असतो. इथे बी६ साठी तो लिव्हर पूर्ण वेळ धरायचा आणि त्याच डाव्या पायाने पेडल ४ ते ७ वर जायचे. पाय उजवीकडे सरकला की गुडघा लिव्हरपासून सुटतो. म्हणून लिव्हर उजवीकडे. त्याची किंमत अशी की दुसऱ्या तारेचा डी# ते सी# लिव्हर, जो बऱ्याच वाद्यांत उजव्या-उजवीकडे असतो, तो डाव्या गुडघ्यावर न्यावा लागतो. एकच गुडघा एकाच वेळी दोन्हीकडे ढकलता येत नाही.

तीच अडचण उजव्या-उजवीकडच्या एफ# ते जी ची. बी६ मध्ये तो ऑग्मेंटेड कॉर्ड देतो, पण ई उतरवलेला धरताना गुडघा डावीकडे गुंतलेला. यावर ई उतरवलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारे कुलूप मिळते. ते जरूर बसवून घ्यावे. संपूर्ण बी६ मध्ये असलेल्या गाण्यात कुलूप लावायचे. कॉर्डगणिक ये-जा असेल तेव्हा गुडघा वापरायचा.

यंत्रणा

रॉड, म्हणजे पेडल-लिव्हरची ओढ चेंजरपर्यंत नेणाऱ्या सळ्या, मोजले तर २६ होतात. पाचवी तार सर्वांत गर्दीची: तीन चढाव (ए, सी आणि सहावे पेडल) आणि एक उतार. नवव्या तारेलाही तीन चढाव. म्हणून चेंजर किमान तीन चढाव आणि दोन उतारांचा हवा. जुने, दोन चढावांचे वाद्य स्वस्तात मिळाले तरी ही मांडणी त्यावर बसणार नाही. विकत घेण्याआधी चेंजरच्या टोकाला वाकून प्रत्येक फिंगरवरची (तार जिच्यावर टेकते ती फिरती पट्टी) भोके मोजावीत.

आठव्या तारेवर दोन उतार आहेत: गुडघ्याने डी#, पाचव्या पेडलने डी. हे दोन एकमेकांत मिसळून बेरीज होत नाहीत. एकाच फिंगरवर दोन रॉड ओढत असले की जो जास्त ओढतो त्याचे चालते. म्हणून पाचव्या पेडलच्या रॉडच्या टोकाचा जुळवणीचा नट डी साठी, लिव्हर न धरता जुळवायचा. मग लिव्हर धरून पुन्हा तपासायचे. सूर तोच आला पाहिजे.

जड पडणाऱ्या जागा दोन. नववी तार बी ते डी, दीड सूर वर. बारावी बी ते जी#, दीड सूर खाली. पहिल्यासाठी बेलक्रँकवर (शाफ्टवर बसवलेला, रॉड ओढणारा दांडा) शाफ्टपासून लांबचे छिद्र आणि चेंजरवर अक्षाजवळचे छिद्र घ्यावे असे वाटते, कारण त्याने थोड्या हालचालीत जास्त ओढ मिळते. पण गुडघा तितकाच ताठ होतो, आणि त्याच लिव्हरवर दुसऱ्या तारेचा डी चा थांबा आहे. तो थांबा बोटाला नव्हे, गुडघ्याला जाणवावा लागतो. उपाय असा: नवव्या तारेचा डी लिव्हरच्या शेवटच्या टोकाला येईल असे ठेवा. अर्ध्या थांब्यावर नववी तार अधांतरी सुरात असते, तेव्हा ती वाजवायची नाही. दुसऱ्या तारेचा डी आणि नवव्या तारेचा डी एकदम लागत नाहीत, त्यामुळे अडत नाही.

बाराव्या तारेवर दीड सूर उतरल्यावर ती सैल होऊन घरघरते, आणि पेडल सोडल्यावर मूळ बी वर चटकन येत नाही. अशा वेळी आधी तपासावे ते उताराचा नट जास्त कसला गेला आहे का. नट कसलेला असेल तर स्थिर स्थितीतही फिंगर ओढलेला राहतो, आणि मग मूळ सूर ट्यूनिंग-खुंटीने कितीही जुळवला तरी पुढच्या दाबानंतर सरकतो. पेडल मोकळे असताना रॉडला बोटाने हलवल्यावर किंचित सैलपणा जाणवला पाहिजे. तो असूनही सूर परतत नसेल तर उताराची स्प्रिंग कमकुवत आहे.

तारांचे माप, इंचात: १ ली ०.०१३, २ री ०.०१५, ३ री ०.०११, ४ थी ०.०१४, ५ वी ०.०१७, ६ वी साधी ०.०२०, ७ वी वेढ्याची ०.०२६, ८ वी ०.०३०, ९ वी ०.०३६ ते ०.०३८, १० वी ०.०४२ ते ०.०४६, ११ वी ०.०५४ च्या आसपास, १२ वी ०.०६८ ते ०.०७०. तिसरी तुटणार, हे धरूनच चालावे. सव्वाचोवीस इंच लांबीवर ती ४१५ हर्ट्झला सुमारे १२.८ किलोच्या ताणात असते, आणि बी पेडल दाबले की सुमारे १४.३ किलो. जाड तार लावून हे टळत नाही: जाडीबरोबर ताणही वाढतो, पोलादावरचा भार तोच राहतो. फरक पडतो तो लांबीने आणि सुराच्या उंचीने. पंचवीस इंचाच्या नेकवर खालचा बी अधिक स्वच्छ बोलतो, पण तिसऱ्या तारेचा ताण आणखी सहा टक्के वाढतो. आठवड्याला दोन-तीन रात्री वाजवणाऱ्याने सव्वाचोवीस घ्यावे आणि खालच्या तारेची थोडी ढिलाई सोसावी, असे आमचे मत.

बारही बदलावा लागतो. दहा तारांसाठीचा सव्वातीन इंचाचा बार बारा तारांवर आखूड पडतो. साडेतीन ते पावणेचार इंचांचा घ्यावा.

सूर जुळवणे

ई९ शुद्ध जुळवलेले असेल तर जी# सम-विभाजनाच्या (सप्तकाचे बारा समान भाग) मापापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली, ए २ सेंट खाली, ए पेडलचा सी# १६ सेंट खाली आणि एफ#, बी चा पाचवा म्हणून, ४ सेंट वर येतो. गंमत अशी की याच जुळणीत बी६ ही शुद्ध निघते: बी चा सहावा जी# तिथेही उणे १४ च हवा असतो, आणि अकरावी ई बी चा चौथा म्हणून शून्यावरच बसते. फक्त डी# उणे १२ वर ठेवायचा.

भांडण आहे ते सी# चे. ए मेजरमध्ये उणे १६ वर गोड लागणारा सी#, बी६ मध्ये एफ# च्या जोडीला वाजवला की पाचवा सूर २० सेंटहून अधिक अरुंद होतो आणि कान टोचतो. कित्येक जण इथे वैतागून सगळे वाद्य सम-विभाजनात जुळवतात. त्याची गरज नाही. पाचव्या तारेवर सहाव्या पेडलचा स्वतंत्र रॉड आहे आणि त्याला स्वतःचा नट आहे. ए पेडलचा सी# उणे १० ते १४ वर ठेवा, सहाव्या पेडलचा अधिक ४ वर. बी६ मध्ये नववा सूर हवा असेल तेव्हा ए पेडल न वापरता सहावे वापरायचे. रॉड वाचवण्यासाठी कारागीर हा बदल गाळू पाहतो, "ए पेडल आहेच की" म्हणून. त्याला नको म्हणावे.

जुळवण्याचा क्रम: आधी मोकळे सूर खुंट्यांनी, मग चढाव, मग उतार, मग पुन्हा मोकळे सूर. नट चेंजरच्या टोकाला असतात, बहुतेक वाद्यांत ३/१६ इंची षट्कोनी चावी लागते. शेवटी आठव्या तारेवर ट्यूनर ठेवून ए आणि बी पेडल एकदम दाबा. वाद्याचा सांगाडा वाकतो आणि न हललेली ई सुद्धा थोडी उतरते. पाच सेंटपर्यंत उतरली तर सोडून द्यावे. त्याहून जास्त असेल तर पायांचे स्क्रू आणि चेंजरखालची प्लेट आधी कसून पाहावी, ट्यूनिंगशी झटापट नंतर.

हात आणि पाय

सी६ वरून येणाऱ्या उजव्या हाताला पहिले काही आठवडे त्रास होतो. सी६ ची १-२-३-४ ही सलग पकड (एकदम छेडायच्या तारा) इथे १-२-५-६ होते. त्यातून सुटका म्हणजे दुसरीऐवजी चौथी घेणे. ई उतरवल्यावर २ री आणि ४ थी एकाच सुरावर असतात. मग ४-५-६ सलग मिळते. पाचव्या पेडलचा चढाव फक्त दुसऱ्या तारेवर आहे हे मात्र विसरायचे नाही. ई९ च्या बाजूला उलट सोय झाली आहे: खालची ६-८-१० ही पकड आता ६-८-९, एक उडी कमी. जुन्या सवयीने बोट दहावीवर गेले की बी ऐवजी जी# वाजतो. कॉर्ड बिघडत नाही, पण सूर दुहेरी आणि जड होतो, आणि चूक झाली हे वाजवणाऱ्याला उशिरा कळते.

उजव्या पायाचे दुखणे वेगळे. त्याच पायाखाली व्हॉल्यूम पेडल आहे. गुडघा डावीकडे ढकलला की टाच फिरते आणि प्रत्येक बी६ कॉर्डच्या सुरुवातीला आवाज फुगतो. रेकॉर्ड करून ऐकल्याशिवाय हे लक्षात येत नाही. व्हॉल्यूम पेडल एक-दोन सेंटीमीटर डावीकडे सरकवून, पुढचे टोक किंचित बाहेर वळवावे, म्हणजे गुडघा आत असताना पाऊल सरळ राहते. लिव्हरचा प्रवासही कमीत कमी ठेवावा. अर्ध्याच सुराचे काम आहे, लांब फेक लागत नाही.

ॲम्प्लिफायरवर बास आधीच्या निम्म्यावर आणून सुरुवात करावी. पिकअपची उंची बदलता येत असेल तर जाड तारांकडची बाजू थोडी खाली घ्यावी, नाहीतर अकरावी-बारावी तार बाकीच्या दहांवर बसते.

राहिलेली दोन गाणी

डी आणि त्याखालचा बी एकत्र वाजणारी दोन गाणी शिल्लक राहतात. नवव्या तारेवर एका वेळी एकच मिळणार. एका गाण्यात बी एक सप्तक खाली, बाराव्या तारेवर घेता येतो. मंद बॅलड असल्याने ते उलट भारदस्त वाटते, फक्त बासवाल्याला त्या मात्रांवर वर राहायला सांगावे लागते. दुसऱ्यात ई-डी-बी अशी झपाट्याने उतरणारी फिरकी आहे. ती आठवी, मग लिव्हर धरून नववी, मग लिव्हर सोडत तीच नववी अशी वाजवता येते, पण बोटांऐवजी गुडघ्याने सोडलेला बी घसरत येतो, टिचकीसारखा सुटा येत नाही. सुटाच हवा असेल तर डी वाजल्यावर तळहाताने तार दाबून, लिव्हर सोडून, पुन्हा छेडावी. मिनिटाला १२० मात्रांपर्यंत हे जमते. त्यापुढच्या लयीत ती फिरकी वरच्या सप्तकात न्यावी: चौथीवर ई, मग दुसरीवर अर्ध्या थांब्याचा डी, मग पाचवीवर बी.